शैवाके व हवेचे प्रदूषण
शैवाके व हवेचे प्रदूषण : कवक व शैवल यांच्या सहजीवनातून बनलेल्या वनस्पतिसदृश जीवांना शैवाके म्हणतात. मसाल्यातील दगडफूल हे त्यांपैकीच होय. मुळे व संरक्षक उपत्वचा नसल्याने शैवाके पाणी व खनिजे बव्हंशी पाऊस, धुके व हवेतून शोषतात. त्याबरोबर सल्फर डाय-ऑक्साइड व जड धातूही त्यांच्यात शिरतात. वाढ मंद व आयुष्य दीर्घ असल्याने त्यांच्यावरून हवेच्या अनेक वर्षांच्या स्थितीचे अनुमान करता येते.

लँकाशरमधील शैवाकांच्या ऱ्हासाचा संबंध ग्रिंडन यांनी १८५९ मध्ये कारखान्यांच्या धुराशी जोडला. विल्यम नीलांडर यांनी १८६६ मध्ये पॅरिसच्या लक्सेंबर्ग उद्यानातील शैवाकांची नोंद केली. शतकाच्या अखेरीस ती तेथून नाहीशी झाली होती. ही हानी उमगली ती पूर्वीच्या यादीमुळेच. हॉक्सवर्थ व रोझ यांनी १९७० मध्ये इंग्लंड व वेल्ससाठी सल्फर डाय-ऑक्साइडची शैवाकाधारित मापनश्रेणी मांडली. पुढे या वायूचे प्रमाण घटल्यावर पॅरिसच्या त्या उद्यानात शैवाके पुन्हा उगवली. भारतात बंगलोरमधील शैवाकांचा प्रसार व त्यांतील जड धातू यांवरील अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला.

पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव तालुके या दृष्टीने लक्षणीय आहेत. पश्चिमेस नाणेघाट, आहुपे व भीमाशंकर (अभयारण्य, १९८५) या घाटमाथ्यावर विपुल पाऊस व धुके असून जुनी वने व देवराया शैवाकांना अनुकूल आहेत. पूर्वेस मंचर, नारायणगाव या भागात पाऊस कमी, शेती विस्तृत व पुणे-नाशिक मार्गावरील वाहतूक मोठी आहे. तथापि पूर्वेकडे शैवाके विरळ दिसली, तरी तेवढ्यावरून हवा दूषित ठरत नाही. कोरडेपणा व वृक्षतोड यांमुळेही ती घटतात. यूरोपातील मापनश्रेणीही तेथील जातींवर आधारलेली असल्याने येथे जशीच्या तशी लागू पडत नाही. म्हणून समान पर्जन्याच्या पट्ट्यात, एकाच जातीच्या वृक्षांवर, ठराविक कालांतराने निरीक्षणे करणे आवश्यक ठरते.

अशा कामाचा पाया पुण्यातच घातला गेला. महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी (स्थापना १९४६, १९९२ पासून आघारकर संशोधन संस्था) येथे पी. जी. पटवर्धन, उर्मिला मखीजा आदींनी पश्चिम घाटातील शैवाकांचे वर्गीकरण केले व नमुने जतन केले. स्थळ व काळ नोंदविलेला असा नमुना नसेल, तर झाडाची कोरी साल तेथे पूर्वी काय होते हे सांगू शकत नाही.