कुलपाच्या किल्लीचा प्रयोग

घरची कुत्री माजावर आली की गल्लीतले कुत्रे फाटकाशी जमू लागतात. नको असलेली पिल्ले टाळण्यासाठी तिला काही दिवस कोंडून ठेवणे हा जुनाच उपाय आहे. दाराची कडी एकदा विसरली की तो फसतो, हेही सर्वांना ठाऊक असते. जीवशास्त्राच्या इतिहासातील एक महत्त्वाचा प्रयोग अशाच बंदोबस्तावर उभा होता.

लाझारो स्पालान्झानी (१७२९–१७९९) हा धर्मगुरू इटलीतील पाव्हिया विद्यापीठात प्राध्यापक होता. गर्भधारणेसाठी वीर्याचा प्रत्यक्ष स्पर्श लागतो, की त्यातून निघणारी अदृश्य वाफ पुरते, असा वाद त्या काळी चालू होता. नर बेडकांना तलम कापडाच्या विजारी घालून स्पालान्झानीने त्यांचे वीर्य अडवले. त्या जोड्यांची अंडी फलित झाली नाहीत.

पुढे, १७८० च्या सुमारास, त्याने पूर्वी व्यालेली एक स्पॅनियल कुत्री घेतली. ती लवकरच माजावर येणार असे दिसताच त्याने तिला खोलीत कोंडले. तिला खायला तो स्वतः घाली आणि किल्लीही स्वतःजवळच ठेवी. तेराव्या दिवशी माजाची लक्षणे दिसली. तेविसाव्या दिवशी त्याने त्याच जातीच्या कुत्र्याचे १९ ग्रेन, म्हणजे जेमतेम एक ग्रॅम वीर्य, शरीराइतक्या उबदार केलेल्या पिचकारीने तिच्या गर्भाशयात सोडले. पोट वाढलेले दिसेपर्यंत तिला मोकळे केले नाही. बासष्ट दिवसांनी तिला तीन पिल्ले झाली.

या प्रयोगात पिचकारीइतकेच महत्त्व कुलपाला आहे. बाहेरचा एखादा कुत्रा एकदा जरी आत शिरला असता, तरी त्या तीन पिल्लांवरून काहीच सिद्ध झाले नसते.

हा पहारा इतका लांबवावा का लागतो, ते पुढे उलगडले. माजाच्या अवस्थांना आज रूढ असलेली नावे वॉल्टर हीप याने १९०० मध्ये दिली. पहिले सुमारे नऊ दिवस कुत्रीला रक्तमिश्रित स्राव होतो. नर मागे लागतात, पण ती त्यांना जवळ येऊ देत नाही. पुढचे सुमारे नऊ दिवस स्राव फिकट होतो आणि नेमकी तेव्हाच ती नराचा स्वीकार करते. हे दिवस प्रत्येक कुत्रीत कमीजास्त होतात. बाहेर पडलेली अंडपेशी पक्व व्हायला आणखी दोन-तीन दिवस लागतात आणि शुक्राणू मादीच्या शरीरात आठवडाभरही जगू शकतात. म्हणून 'रक्त थांबले, धोका टळला' हा समज घातक ठरतो. पहिल्या लक्षणापासून किमान तीन आठवडे आणि माज पूर्ण ओसरेपर्यंत बंदोबस्त हवा. चुकून एकदा संयोग झाला तरी तो सैल करू नये, कारण एकाच वेतात दोन नरांची पिल्ले असू शकतात.

एवढी दक्षता घेणारा स्पालान्झानी निष्कर्षात मात्र चुकला. बेडकाचे वीर्य गाळले की त्याची फलनशक्ती जाते आणि गाळण कागदावरील गाळात ती उरते, हे त्याने स्वतः पाहिले होते. तरीही वीर्यातले हलणारे 'जंतू' फलनाला आवश्यक आहेत असे त्याला वाटले नाही. भावी जीव अंड्यातच तयार असतो, हे मत त्याने आधीच पक्के केले होते. सस्तन प्राण्याची अंडपेशी कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर याने १८२७ मध्ये पाहिली, तीही कुत्रीतच. शुक्राणू आणि अंडपेशी यांच्या केंद्रकांचे मीलन ऑस्कर हेर्टविग याने १८७६ मध्ये समुद्री साळिंदरात दाखवले.

वर्गात एक प्रश्न जरूर विचारावा: स्पालान्झानीच्या प्रयोगात काय कमी होते? तशीच कोंडलेली, पण वीर्य न दिलेली दुसरी कुत्री! तिला पिल्ले होत नाहीत हे दाखवले असते, तर कुलपाची साक्ष अधिक भक्कम झाली असती.