जेफरसन स्ट्रीटवरचा ठेका

शिकागोच्या साउथ जेफरसन स्ट्रीटवर २०६ नंबरची तीन मजली जुनी इमारत आहे. १९७७ साली न्यूयॉर्कहून आलेल्या रॉबर्ट विल्यम्सने तिथे नाचाचा क्लब काढला. लोक त्याला ‘वेअरहाउस’ म्हणायचे, आणि ‘हाउस’ संगीताला नाव मिळालं ते तिथूनच. आपल्याकडे हळदीच्या रात्री डीजे जो धप-धप-धप-धप ठेका लावतो, त्याची एक वाट मागे जाऊन याच दाराशी पोचते.

त्या दारातून आत येणारे बहुतेक जण काळे आणि लॅटिनो समलिंगी तरुण होते. समलिंगी संबंधांवरचा फौजदारी कायदा रद्द करणारं इलिनॉय हे अमेरिकेतलं पहिलं राज्य. १९६२ पासून तिथे तो गुन्हा नव्हता. पण कायदा गेला तरी पोलिसांची सवय गेली नाही, बारवर धाडी पडतच राहिल्या. उत्तर शिकागोतल्या गोऱ्यांच्या गे बारमध्ये काळ्या मुलांकडे एकाऐवजी दोन-तीन ओळखपत्रं मागायचे. घरी चर्चचा धाक, बाहेर रंगाचा अडसर. विल्यम्सने यावर साधी तोड काढली. क्लबात दारू विकायचीच नाही. सरबत, पाणी, थोडं खाणं ठेवायचं. दारू नाही म्हटल्यावर बार बंद करायच्या वेळाही लागू नाहीत. शनिवारी रात्री सुरू झालेला नाच रविवारी दुपारपर्यंत चालायचा. ही पळवाट शहराने पुढे बंद केली, पण तोवर काम झालं होतं.

रेकॉर्ड लावायला त्याने फ्रँकी नकल्सला बोलावलं. १९५५ साली ब्राँक्समध्ये जन्मलेला हा मुलगा तेव्हा जेमतेम बावीस वर्षांचा होता.

तो लावायचा त्या डिस्कोचा बाहेर मात्र अनेकांना राग होता. १२ जुलै १९७९ ला याच शहरात कोमिस्की पार्कवर बेसबॉलचे दोन सामने होते. स्टीव्ह डाल या रेडिओवाल्याने जाहीर केलं, की डिस्कोची एक रेकॉर्ड आणा आणि ९८ सेंटमध्ये आत या. पहिला सामना संपल्यावर रेकॉर्डींची पेटी मैदानात स्फोटाने उडवून दिली. हजारो माणसं मैदानात घुसली, दुसरा सामना होऊच शकला नाही. विन्स लॉरेन्स हा काळा पोरगा तिथे प्रेक्षकांना जागा दाखवायचं काम करत होता. लोक आणत होते त्यांतल्या बऱ्याच रेकॉर्डी डिस्कोच्या नव्हत्याच, फक्त काळ्या गायकांच्या होत्या, हे त्याने टिपलं आणि पुढे अनेकदा सांगितलं. पाच वर्षांनी, १९८४ मध्ये जेसी सॉन्डर्सची ‘ऑन अँड ऑन’ निघाली. हाउसची पहिली रेकॉर्ड म्हणून सहसा तिचंच नाव घेतात. तिच्या रचनेत याच लॉरेन्सचा हात आहे.

मधल्या वर्षांत नकल्सपुढे अडचण अशी होती, की कंपन्यांनी डिस्कोतून अंग काढून घेतलं आणि नवी गाणी आटली. मग तो जुन्याच गाण्यांना लांबी देऊ लागला. टेपच्या रिळावर गाणं उतरवायचं, जिथे गायक थांबतो आणि नुसता ताल-बास उरतो तो तुकडा ब्लेडने कापायचा, त्याच्या प्रती एकापुढे एक चिकटवायच्या. पुढे त्याखाली रोलंड कंपनीचं ड्रम मशीन आलं. टीआर-९०९ हे यंत्र बाजारात फारसं चाललं नाही, त्यामुळे जुनं यंत्र पोरांच्या खिशाला परवडायचं. चार मिनिटांचं गाणं असं दहा मिनिटांचं झालं, आणि ते संपायच्या आत दुसरं त्यात मिसळू लागलं.

या लांबीचं मोल मला माझ्यावरूनच कळलं. मी मिरजेचा. लहानपणी तबला शिकलो, पुढे नोकरीसाठी शिकागोला आलो. आईचा दर रविवारी फोन, ‘‘अरे, एकदा मुलगी बघून तरी घे.’’ मी ‘‘बघू’’ म्हणायचो. क्लार्क स्ट्रीटवरच्या स्मार्ट बारमध्ये रविवारी रात्री ‘क्वीन’ नावाची हाउसची रात्र असते. एका हिवाळ्यात तिथे गेलो आणि जाड कोट अंगातच ठेवून भिंतीला टेकून उभा राहिलो, म्हणजे कधीही निघता यावं. शेजारी साठीचा एक काळा गृहस्थ हातरुमालाने मान पुसत होता. त्याने माझ्या कोटाकडे बघून कोट ठेवायच्या खिडकीकडे बोट दाखवलं, एवढंच. परत आलो तेव्हा तो नाचणाऱ्यांत गेला होता, आणि भिंतीला टेकायची माझी जागाही कुणीतरी घेतली होती.

मी सवयीने सम शोधत होतो. मिनिटाला साधारण १२० ठोके, प्रत्येक मात्रेवर सारख्याच वजनाचा ठोका, दुसऱ्या-चौथ्यावर टाळी. सम नाही, खाली नाही. कुठूनही शिरलं तरी चूक होत नाही. लग्नाच्या वरातीत गाणं संपतं, सगळे थांबतात आणि मग कोण कुणाबरोबर नाचत होतं ते दिसतं. त्याच क्षणाची मला आयुष्यभर धास्ती होती. इथे गाणं संपतच नव्हतं. पुरुषांच्या घोळक्यात पुरुषाकडे बघून हसायला, नजर चोरायला, पुन्हा बघायला हवा तेवढा वेळ होता. ज्यांच्याकडे गाणी कमी उरली होती त्यांनी ती ताणून ठेवली, म्हणून माझ्यासारख्या बुजऱ्या माणसाला सरावायला सवड मिळाली.

वेअरहाउसच्या पिढीतली कितीतरी माणसं एड्सने गेली. २०१४ मध्ये नकल्सही गेला. जेफरसन स्ट्रीटच्या एका भागाला २००४ पासून त्याचं नाव आहे, आणि २०२३ मध्ये शहराने ती इमारत वारसा म्हणून जाहीर केली. बरं झालं. आपल्याकडे ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने समलिंगी संबंधांभोवतीचा ३७७ कलमाचा फास सोडवला, तेही बरंच झालं. पण इलिनॉयच्या मुलांना कायदा बदलल्यावरही पंधरा वर्षं उभं राहायला जागा नव्हती, हे विसरून चालणार नाही. जागा कुणीतरी काढावी लागते. सांगली-मिरजेत कुणाला ती काढावीशी वाटली तर विल्यम्सचा हिशेब अजून लागू आहे: भाड्याचा हॉल, दारूऐवजी चहा-सरबत, दारावर चौकशा न करणारा माणूस, आणि मध्ये खंड पडू न देणारा एक डीजे.