घरी बांधलेलं विमान आणि पंपावरचं इथेनॉल

पोस्ट लांब आहे. पण E20 पेट्रोलवरून आपल्याकडे जी हमरीतुमरी चालू आहे, ती बघून लिहावंसं वाटलं.

सध्या दोन तट पडलेत. एक म्हणतो, इथेनॉलनं गाड्यांची वाट लावली. दुसरा म्हणतो, इथेनॉलविरुद्ध बोलाल तर ऊसवाल्याच्या पोटावर पाय द्याल. साखर कारखान्यांच्या बातम्या करत माझं अर्धं आयुष्य गेलं, त्यामुळे दोन्ही बाजू रोज कानावर पडतात. पण हाच वाद अमेरिकेत आपल्या आधी होऊन गेलाय, आणि तिथे तो फार नेमकेपणानं मांडला घरी विमान बांधणाऱ्या लोकांनी.

घरी विमान? हो. आपल्या कांदिवलीत अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं, ते २०१६ च्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. अमेरिकेत हा छंद जुना आहे. मिनेसोटा राज्यातल्या बर्नार्ड पीटेनपोल यांनी १९२९ मध्ये लाकूड आणि कापडाच्या विमानाला चक्क फोर्ड मोटारीचं इंजिन बसवलं आणि ते उडवलं. १९५३ मध्ये अशा हौशी लोकांची 'ईएए' ही संघटना उभी राहिली.

विमानाचं खास पेट्रोल, म्हणजे अ‍ॅवगॅस, महाग. त्यात आजही शिसं असतं. म्हणून मोटारीचं पेट्रोल वापरता यावं यासाठी या संघटनेनं चाचण्या केल्या आणि १९८२ मध्ये सेस्ना १५० या छोट्या विमानासाठी सरकारी मंजुरी मिळवली. अट एकच, पेट्रोलमध्ये अल्कोहोल नको.

ही अट का? इथेनॉल पाणी ओढून घेतं. थोडं पाणी असेल तर ते पेट्रोलमध्ये विरघळून राहतं. पण विमान वर गेलं, थंडी वाढली की पेट्रोलची पाणी धरून ठेवायची ताकद कमी होते. मग पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन टाकीच्या तळाशी बसतात, आणि इंजिनाकडे जाणारी नळी तळातूनच निघते. शिवाय इथेनॉल काही जातीचं रबर, सील आणि टाकीच्या आतला लेप खराब करतं. गाडी बंद पडली तर आपण ती रस्त्याच्या कडेला ढकलतो. आकाशाला कड नसते.

पुढे २००५ मध्ये अमेरिकेनं कायदा केला आणि २०१२ पर्यंत वर्षाला ७.५ अब्ज गॅलन जैवइंधन पेट्रोलमध्ये घालायचं ठरवलं. २००७ मध्ये लक्ष्य आणखी वाढवलं. तिथे ऊस नाही, मका. मक्याला भाव मिळाला. पण बघता बघता बिनाइथेनॉलचा पंप शोधणं मुश्कील झालं. काही राज्यांत तर पंपावर इथेनॉलची पाटी लावायचंही बंधन नव्हतं.

मग हे लोक काचेची नळी घेऊन पंपावर जायला लागले. नळीत थोडं पाणी घालून खूण करायची, वर पेट्रोल ओतून हलवायचं. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात जातं. पाण्याची पातळी खुणेच्या वर चढली की समजायचं, भेसळ नव्हे पण मिसळ आहे!

आता गंमत बघा. इथेनॉलवर विमान चालतच नाही, असं मुळीच नाही. टेक्सासमधल्या बेलर विद्यापीठातले गणिताचे प्राध्यापक मॅक्स शॉक यांनी १९८९ मध्ये घरगुती बांधणीचं 'व्हेलॉसिटी' विमान इथेनॉलवर चालवून अटलांटिक महासागर ओलांडला. ब्राझीलमध्ये तर एम्ब्राएर कंपनीच्या 'इपानेमा' या फवारणीच्या विमानाला २००४ मध्ये इथेनॉलसाठी मंजुरी मिळाली. तेही उसाच्या इथेनॉलसाठी! ही विमानं इथेनॉलसाठीच तयार केली होती, एवढाच फरक. रोटॅक्स कंपनीही आपल्या ९१२ मालिकेच्या इंजिनांना १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल चालतं असं सांगते. बाकी टाकी आणि नळ्यांचं बांधणाऱ्यानं बघायचं.

म्हणजे दोष इथेनॉलचा नाही. जे यंत्र त्यासाठी बनलेलं नाही, त्यात ते मालकाला न विचारता घालणं, हा दोष.

मिनेसोटानं यातून मार्ग काढला. मक्याच्या या राज्यानं १९९७ पासून १० टक्के इथेनॉल सक्तीचं केलं, पण कायद्यातच अपवाद ठेवला. विमानं, बोटी, जुन्या संग्राह्य गाड्या यांच्यासाठी बिनाइथेनॉलचं पेट्रोल विकायला परवानगी. शेतकरीही जगला, पीटेनपोलचे वारसही उडत राहिले.

आता आपल्याकडे या. इथेनॉल आपल्याला नवीन नाही. १९४८ मध्येच 'पॉवर अल्कोहोल' कायदा झाला होता. २००१ मध्ये मिश्रणाचे प्रायोगिक प्रकल्प सुरू झाले, त्यात आपलं मिरज आणि मनमाड होतं. २०२२ मध्ये देशानं १० टक्के गाठले, २०२५ मध्ये २०. कारखान्यांना पैसा मिळाला, ही गोष्ट खरी आणि चांगली. पण नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिलं होतं की जुन्या धाटणीच्या चारचाकीचं मायलेज ६ ते ७ टक्के आणि दुचाकीचं ३ ते ४ टक्के घटू शकतं. हे किती पंपांवर लिहिलेलं दिसलं तुम्हाला? बिनाइथेनॉलचा पर्याय आणि स्पष्ट पाटी मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयानं १ सप्टेंबर २०२५ ला फेटाळली. न्यायालयाचा दरवाजा बंद झाला असेल, पण धोरण बदलायचा अधिकार सरकारकडे आहेच.

दहा-पंधरा वर्षं जुनी मोटारसायकल घेऊन पंपावर उभा राहणारा माणूस बहुतेक वेळा ऊस पिकवणाराच असतो. त्याच्या उसाला भाव मिळावा आणि त्याची गाडीही नीट चालावी, या दोन मागण्या एकमेकींच्या वैरी नाहीत. पंपावर ठळक पाटी आणि जुन्या गाड्यांसाठी वेगळा नोझल, एवढंच मागायचंय. तेही नको म्हणणाऱ्यांना एकच प्रश्न विचारा: इंधन चांगलं आहे ना, मग नाव लिहायला काय हरकत आहे?