हिशेब चोख, पण वही बंद

मागच्या महिन्यात भिवंडी तालुक्यातल्या आमच्या एका बचत गटात एकीने वही बघायला मागितली. लगेच बाकीच्या म्हणाल्या, “अगं, ताई एवढं चोख ठेवतात, मग संशय कशाला?” त्यावरून आम्हाला गोव्याची गोष्ट आठवली.

गोव्यावर तेव्हा पोर्तुगालचं राज्य होतं. १९२६ साली पोर्तुगालच्या लष्कराने सरकार उलथवून संसद बंद केली. पण तिजोरीत खडखडाट! म्हणून १९२८ मध्ये अर्थशास्त्राचे प्राध्यापक सालाझार यांना अर्थमंत्री केलं. त्यांनी अट घातली, प्रत्येक खात्याचा खर्च माझ्या मंजुरीनेच होईल. जमाखर्च जुळला, लोक खूश झाले. १९३२ मध्ये ते पंतप्रधान झाले आणि १९६८ पर्यंत खुर्ची सोडली नाही.

हिशेब जुळवणाऱ्यालाच हिशेब विचारायची सोय उरली नाही. विरोधी पक्ष बंद, वर्तमानपत्रांवर पहारा, मागावर गुप्त पोलीस. गोव्यात तर लग्नपत्रिकासुद्धा छापण्याआधी सरकारकडून तपासून घ्यावी लागे. आपल्या लेकीच्या लग्नाला परवानगी परक्या साहेबाची!

तरी माणसं गप्प बसली नाहीत. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहियांनी मडगावात बंदी मोडून सभा घेतली. ६ एप्रिल १९५५ रोजी म्हापशात गोवा नॅशनल काँग्रेसच्या अधिवेशनाच्या अध्यक्ष म्हणून सुधाताई जोशी उभ्या राहिल्या. लेखक महादेवशास्त्री जोशी यांच्या त्या पत्नी. पोलिसांनी त्यांना तिथेच पकडलं. घरसंसार मागे ठेवून त्यांनी तुरुंगवास सोसला, त्या सुटल्या १९५९ मध्ये.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. खुद्द पोर्तुगालच्या लोकांना मात्र १९७४ पर्यंत वाट पाहावी लागली. दूर दक्षिण अमेरिकेत, चिली देशातही असंच झालं. १९७३ मध्ये लष्करप्रमुख पिनोशे यांनी देश सावरायचा म्हणून सत्ता घेतली, ती १९९० पर्यंत सोडली नाही.

म्हणून सांगतो, वही मागणं म्हणजे संशय नव्हे, ती गटाची राखण आहे. आमच्या त्या गटाने आता ठरवलंय, दर बैठकीत वही मोठ्याने वाचायची. ग्रामसभेतही तसंच. कारभार चांगला असेल, तर वही उघडायला कुणाची हरकत असेल? पुढच्या बैठकीत तुम्हीही विचारा.