कोल्हेकुई



कामगार चळवळीतल्या माणसाने कोल्ह्यावर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. त्याला कारण एक शब्द आहे. काही वर्षांपूर्वी एका जिनात रेचे चालविणाऱ्या बायांचा थकलेला रोज मागावयास आम्ही गेलो होतो. मालक मुनिमाकडे पाहून हसले आणि म्हणाले, "कोल्हेकुई आहे; पहाटे आपोआप थांबेल." रोज पुढे मिळाला, शब्द मात्र सलत राहिला. सातवीनंतर आमची शाळा म्हणजे वाचनालय. त्या शाळेत बसून आम्ही या जनावराच्या बदनामीचा इतिहास शोधू लागलो.

आपल्याकडे कोल्ह्याच्या दोन म्हणी आहेत. एक, 'कोल्हा काकडीला राजी'. दुसरी, 'कोल्ह्याला द्राक्षे आंबट'. पहिली म्हण वाडीत राखण करणाऱ्या माणसाची आहे. त्याने कोल्ह्याला काकडी खाताना पाहिले आणि थोडक्यात समाधान मानणाऱ्याला ते नाव दिले. दुसरी म्हण इसापाची. सदाशिव काशिनाथ छत्रे यांची इसापनीती १८२८ साली मराठीत आली. द्राक्षांच्या त्या ग्रीक गोष्टीतला प्राणी आपल्या खोकडाच्या जातीचा. मराठीत येता येता त्याचा कोल्हा झाला आणि खोकडाचा आरोप कोल्ह्याच्या माथी बसला. ज्याने जनावर पाहिले त्याने त्याला अल्पसंतुष्ट म्हटले. ढोंगी ठरला तो पुस्तकातून.

त्याचा लबाडपणा मात्र आपल्याच घरचा आहे, पंचतंत्रातला. करटक आणि दमनक हे दोन कोल्हे मंत्र्याचे पुत्र, पण अधिकार गमावलेले. पिंगलक सिंह आणि संजीवक बैल यांची मैत्री दमनकाने फोडली व बैलाचा जीव घेतला, हे आपण लहानपणी ऐकले आहे. पण बैल त्या रानात आला कसा? वर्धमान नावाच्या व्यापाऱ्याचा माल ओढताना त्याचा पाय मोडला. व्यापारी रखवालदार ठेवून पुढे गेला. रखवालदारांनी बैल सोडला आणि 'तो मेला' असे मालकाला खोटेच सांगितले. म्हणजे या गोष्टीतले पहिले खोटे कोल्हा बोललेला नाही, माणूस बोलला आहे. दमनकाचा अपराध आम्ही झाकीत नाही; पण जायबंदी झालेल्या कामकऱ्याला रस्त्यात टाकून जाणाऱ्यांवर एकही म्हण नाही, एवढेच आमचे गाऱ्हाणे.

ही गोष्ट दूरवर गेली. सहाव्या शतकात इराणच्या नौशेरवान बादशहाच्या पदरी असलेल्या बुर्झोय नावाच्या वैद्याने ती पहलवी भाषेत नेली. आठव्या शतकात इब्न अल्-मुकफ्फाने ती अरबीत आणली. त्या ग्रंथाचे नावच 'कलीला व दिम्ना', म्हणजे आपले करटक-दमनक! तेथून ती युरोपात पोचली. दरबारी माणसाचे दोष आपल्या कोल्ह्याने असे देशोदेशी वाहिले.

आता रानातला कोल्हा पाहा. अकोला-अमरावतीच्या मधल्या पूर्णेच्या खोऱ्यात, नाल्याकाठच्या बाभूळबनात तो बीळ करतो. वजन आठ-दहा किलो. नर-मादीची जोडी सहसा टिकून राहते. सुमारे ६३ दिवसांनी पिल्ले होतात आणि त्यांना दोघेही भरवितात. कधी कधी आदल्या वर्षीची पिल्ले मागे राहून धाकट्यांची राखण करतात. तो शेतातले उंदीर खातो, मेलेले ढोर साफ करतो. बोरे खाऊन त्यांच्या बिया दूरवर टाकतो. कोंबडी व करडूही पळवितो, हे खरे. पण वर्षभराचा हिशेब मांडला तर शेतकऱ्याचे देणे फिटून वर काही उरावे.

त्याची मजुरी त्याला काय मिळते? जत्रेत 'कोल्हशिंगी' विकतात; घरात ठेवली की लक्ष्मी येते म्हणे. कोल्ह्याला शिंग नसते. हाडाच्या आणि केसांच्या गोळ्यासाठी एक जीव जातो आणि गरिबाचा पैसाही जातो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने कोल्ह्याची शिकार व त्याच्या अवयवांचा व्यापार हा गुन्हा आहे. पण कायदा पुस्तकात राहिला तर काय होते, हे कामगाराला वेगळे सांगावयास नको.

शेवटी त्या शब्दाकडे येतो. कोल्हेकुई म्हणजे पोकळ ओरड, असे आपण समजतो. रानात तिचा अर्थ निराळा आहे. तिन्हीसांजेला एक कोल्हा आवाज देतो, विखुरलेले सोबती ठिकठिकाणांहून त्याला साथ देतात. कोण कोठे आहे हे आपल्यांना कळते, आणि हा मुलूख मोकळा नाही हे परक्यांना कळते. श्रोतेहो, आमच्या सभेतही याहून निराळे काय होते? हजेरी होते आणि हक्क सांगितला जातो. तेव्हा मालकांनी दिलेले नाव आम्ही परत करीत नाही, ठेवून घेतो. फक्त पहाटेबद्दल त्यांचा अंदाज चुकला होता. त्या दिवशी पहाटे जिनाच्या फाटकाशी बाया आदल्या रात्रीपेक्षा जास्त होत्या.