‘हान्स हेडटोफ्ट’चे शेवटचे संदेश

30 जानेवारी 1959. ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाशी, केप फेअरवेलजवळ, डॅनिश जहाज ‘हान्स हेडटोफ्ट’ हिमनगावर आदळले. पहिल्याच सफरीवरून ते कोपनहेगनला परतत होते. त्यावर 95 माणसे होती. एकही वाचले नाही. त्या दुपारची हकिगत सांगायला आज फक्त दोन साक्षीदार आहेत: इतरांनी टिपून घेतलेले बिनतारी संदेश आणि एक लाइफबॉय.

टकरीची पहिली खबर 13:56 ला निघाली. तासाभरात इंजिनखोलीत पाणी शिरल्याचे कळले. मग जहाज बुडत असल्याचे. पावणेसहाच्या सुमारास सारे शांत झाले. म्हणजे टकरीनंतर जहाज काही तास तरी तरंगत होते. दुहेरी तळ आणि सात जलरोधक कप्पे यांनी एवढी मुदत मिळवून दिली, असे म्हणता येते.

लाइफबोटी होत्या, आपोआप फुगणारे तराफेही होते. त्यांत माणसांपेक्षा जागा जास्त होती. मग लाइफबोटी पाण्यात उतरवता आल्या का? संदेश याबाबत मुके आहेत. ‘योहानेस क्रूस’ हा जर्मन ट्रॉलर हाक ऐकून धावला, पण वादळात आणि बर्फात त्याला कोणीच सापडले नाही. 7 फेब्रुवारीला शोध थांबला.

ऑक्टोबरमध्ये आइसलंडच्या ग्रिन्डाविकजवळ जहाजाचे नाव असलेला लाइफबॉय किनाऱ्याला लागला. त्यावरून जहाज बुडाले एवढेच ठरते. लाइफबॉय उघड्या डेकवर अडकवलेला असतो, तो आपोआपही सुटून तरंगतो. कोणी तो हाती धरला होता, असा निष्कर्ष त्यातून काढता येत नाही.  

हाती आहे त्या पुराव्यातून मला एक गोष्ट ठाम दिसते. त्या पाण्यात लाइफबोट माणसाला वेळ देते, सुटका देत नाही. सुटकेसाठी त्या वेळेत पोहोचणारे दुसरे जहाज लागते आणि हिवाळ्यात ते तिथे नव्हते. म्हणूनच दुर्घटनेनंतरचा खरा उपाय किनाऱ्यावर झाला: ग्रीनलंडची हिवाळी प्रवासी जहाजवाहतूक थांबली आणि तिथला नार्सार्सुआकचा विमानतळ पुन्हा उघडला. जहाज बंदर सोडण्याआधी घेतला जाणारा निर्णय हेही बचावाचे साधन आहे, आणि त्याचा जाब लाइफबोटींच्या संख्येइतक्याच कठोरपणे विचारला पाहिजे.