क्वारंटाईन : चाळीस दिवसांचा शब्द

२०२० च्या गणपतीला मुंबईहून गावी येणाऱ्या चाकरमान्यांना आधी १४ आणि मग १० दिवस क्वारंटाईन राहायला सांगितलं होतं, ते तुम्हाला आठवत असेल. आपल्याकडे 'तो क्वारंटाईन आसा' एवढं कानावर आलं की लोक वाट बदलत. ऐकणाऱ्याच्या मनात अर्थ ठरलेला असे: त्याला कोरोना झालाय.

हा अर्थ चुकीचा आहे. क्वारंटाईन असते ती आजारी नसलेली व्यक्ती. तिचा रुग्णाशी संपर्क आलेला असतो किंवा ती साथीच्या ठिकाणाहून आलेली असते, आणि आजार होतो की नाही हे पाहण्यापुरती ती वेगळी राहते. आजार असलेल्याला वेगळं ठेवणं म्हणजे आयसोलेशन. मराठीत पहिल्याला अलगीकरण आणि दुसऱ्याला विलगीकरण असे शब्द काढले. ते इतके सारखे ऐकू येतात की बातम्यांतही सर्रास उलटसुलट वापरले गेले.

मूळ शब्द बंदरांमधला आहे. आजचं क्रोएशियातलं दुब्रोवनिक म्हणजे तेव्हाचं रागुसा. तिथे १३७७ मध्ये नियम झाला, की प्लेगच्या मुलखातून आलेल्यांनी शहरात शिरण्याआधी ३० दिवस बाहेर थांबायचं. पुढे व्हेनिससारख्या बंदरांत ही मुदत ४० दिवसांची झाली. इटालियन भाषेत चाळीसला 'क्वारांता' म्हणतात, त्यावरून हा शब्द आला. चाळीसच का? तेव्हा जंतू कोणाला माहीत नव्हते, पण येशूच्या ४० दिवसांच्या उपवासामुळे ख्रिस्ती लोकांत या आकड्याला वजन होतं. (आपला बाळंतिणीचा सव्वा महिनाही साधारण तेवढाच भरतो!)

आपल्या भागाला या प्रकाराची खरी ओळख झाली ती १८९६ च्या प्लेगमध्ये. मुंबईत मांडवी भागात तो ओळखला डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी, मूळचे आपल्या शेजारच्या गोव्याचे. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा आला. बोटी आणि प्रवासी तपासण्याचा, लोकांना वेगळं ठेवण्याचा अधिकार सरकारला मिळाला. २०२० मध्ये सुरुवातीला वापरला तो हाच कायदा.

पुण्यात तेव्हा सोल्जर घरात घुसून रुग्ण शोधत, रुग्णाला इस्पितळात आणि घरच्यांना छावणीत नेत. परिणाम काय झाला? लोक आजारी माणूस लपवू लागले. २२ जून १८९७ ला चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, त्यामागे हाच संताप होता. साथ आटोक्यात आणताना माणसाचा अपमान केला की आजार दाराआड जातो. म्हणून २०२० मध्ये वाट बदलणाऱ्यांचा मला राग यायचा. अशा वागण्यामुळेच ताप आलेला माणूस 'काय नाय, जरा अंग दुखता' म्हणत घरात बसतो.

आणखी एक गंमत. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने प्लेग उंदरांवरच्या पिसवांतून पसरतो हे दाखवलं. म्हणजे शेकडो वर्षं माणसं बोटीवर अडकून पडत होती आणि उंदीर मात्र दोरावरून खुशाल धक्क्यावर उतरत होते.

आता मुदत आकड्याच्या पुण्याईवर ठरत नाही. जंतू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा काळ पाहून ती ठरवतात. कोरोनासाठी हा काळ २ ते १४ दिवस धरला होता, म्हणून १४. कांजिण्यांना १० ते २१ दिवस लागतात. नाव चाळिसाचं असलं तरी ४० दिवस आता सहसा कोणी मोजत नाही.

पावसाळ्यात दवाखान्यात हमखास विचारलं जातं, 'डॉक्टर, ह्येका वेगळा ठेवूचा काय?' लेप्टो असेल तर गरज नाही. तो उंदराच्या मुताने दूषित झालेल्या पाण्या-चिखलातून होतो, शेजारी बसल्याने नाही. दोडामार्गातला माकडताप गोचिडीच्या चाव्याने होतो, माणसाकडून माणसाला नाही. डेंग्यू-मलेरियात रुग्णाला मच्छरदाणीत झोपवा, बाकी त्याच्याजवळ खुशाल बसा. कांजिण्या असतील तर मात्र सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत वेगळं ठेवा, विशेषतः घरात गरोदर बाई असेल तर. आणि तिला स्वतःला कांजिण्या कधी झाल्या नसतील, तर तिला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.